तीन हजार चारशेचं काय करू, भाऊ?

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मी एकाच दुखण्याची, पोकरमध्ये जिंकत असताना हात थरथरतो म्हणून. भुसावळच्या भाऊंनी ते सगळ्यात नीट लिहिलंय, म्हणून त्यांना जास्त जागा दिली. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचं उत्तर बहुतेक त्यातच सापडेल.

प्रश्न : मी रेल्वेत आहे. रात्रपाळी नसली की फोनवर होल्डेम पोकर खेळतो (हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच), कॅश टेबल. आधी पैशांचं खेळायचो, २०२५ च्या ऑगस्टात ते ॲप बंद पडलं, आता फुकट चिप्सवाल्या ॲपवर खेळून राहिलो. ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांनी टाकायच्या चिप्स) ५-१०, बसताना १,००० चिप्स मिळतात. माझं काय होतं की दोन तासांत मी ३,००० च्या वर जातो, टेबलावर सगळ्यात जास्त चिप्स माझ्याच असतात, आणि मग मी घाबरतो. जपून खेळायला लागतो, चांगली पानं पण टाकून देतो, तरी शेवटी एकाच हातात सगळं जातं. मागच्या शनिवारी ३,४०० होते, झोपताना ३००. दोन हात सोबत लिहून पाठवतो. मला फक्त एवढं सांगा की चिप लीड आला की तो सांभाळायचा कसा? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, तुम्ही हात लिहून पाठवले ते फार बरं केलं, नाहीतर लोक फक्त 'नशीब खराब आहे' एवढंच लिहितात आणि मग मी काय सांगणार. पण आधी एक भांडण. 'लीड' हा शब्द तुम्ही चुकीच्या गावाहून आणलाय.

लीड असतो टुर्नामेंटमध्ये. तिथं ब्लाइंड दर थोड्या वेळानं वाढत जातात, चिप्स संपल्या की माणूस बाहेर, आणि बक्षिसं फक्त वरच्या काही जणांना. म्हणून तिथं ज्याच्याकडं जास्त चिप्स तो बाकीच्यांना दाबू शकतो, कारण हरला तरी तो टेबलावर राहतो आणि समोरचा हरला की घरी जातो. टीव्हीवर, यूट्यूबवर आपण जे बघतो ते बहुतेक हेच असतं, आणि तिथूनच हा शब्द डोक्यात बसतो. कॅश टेबलावर यातलं काहीच नाही. ब्लाइंड रात्री नऊला ५-१० आणि पहाटे तीनलाही ५-१०. समोरचा संपला तर परत १,००० घेऊन तिथंच बसतो, जणू काही झालंच नाही. पहिला नंबर नाही, दुसरा नंबर नाही, कप नाही. तुमची ३,४०० वी चिप आणि पहिली चिप, दोघींची किंमत सारखीच. मग सांभाळायचं काय?

आता दुसरी गोष्ट, आणि खरी गोम इथं आहे. तुमच्यासमोर ३,४०० असले तरी दर हाताला तुम्ही ३,४०० नं खेळतच नाही. दोघांपैकी ज्याच्याकडं कमी, तेवढ्याचाच खेळ. याला इफेक्टिव्ह स्टॅक म्हणतात, पण शब्द सोडा, आपल्या भाषेत सांगतो. तुमच्या घरात शंभर क्विंटल कापूस पडलाय आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याकडं दहा क्विंटलचेच पैसे आहेत, तर सौदा दहाचाच होणार, उरलेले नव्वद घरात नुसते बसून राहणार, त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे ज्याच्याकडं ४०० चिप्स आहेत त्याच्यासमोर तुम्ही ४०० वालेच आहात. बाकीचे ३,००० त्या हातापुरते झोपलेत. त्यांना जागं करून घाबरू नका.

हे लक्षात ठेवून तुमचा पहिला हात बघू. तुमच्याकडं इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा, तुम्ही ४० केले, बिग ब्लाइंडवाल्यानं (ज्यानं आधी १० टाकले तो) कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले, त्याच्याकडं सुरुवातीला ४२० होते. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ८५. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, आला बदामचा राजा, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री. तुम्ही ६० लावले, तो उरलेले ३८० घेऊन ऑल-इन गेला. आणि तुम्ही लिहिलंय, 'लीड कमी होईल म्हणून सोडून दिलं.'

भाऊ! तुम्हाला अजून ३२० टाकायचे होते आणि पॉट होणार होता ८४५. म्हणजे शंभरात ३८ वेळा जिंकलात तरी बरोबरी. आता तो काय घेऊन बसलाय? दोन बदाम असतील तर नऊ बदाम अजून बाहेर आहेत, दोन पानं यायचीत, त्याचं रंग (पाच बदाम) पूर्ण व्हायचं प्रमाण साधारण ३५ टक्के, म्हणजे तुम्ही ६५ च्या आसपास. राजा-राणी असेल तर तुम्ही कितीतरी पुढं. फक्त अठ्ठ्या नाहीतर तिर्र्यांची जोडी घेऊन बसला असेल, किंवा दोन जोड्या लागल्या असतील, तर तुमचं काम झालं, पण ते थोडेच हात आहेत आणि ४२० चिप्सवाला माणूस रंगाच्या आशेवर, नुसत्या राजाच्या जोडीवर पण ऑल-इन जातो, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या समोर १,००० असते तर तुम्ही डोळे झाकून कॉल केला असता. ३,४०० होते म्हणून नाही केला. पानं तीच, माणूस तोच, हिशोब तोच, फक्त तुमच्या पुढ्यातला ढीग मोठा होता.

आणि दुसरा हात, ज्यात सगळं गेलं. आता तुमच्या हातात एक्क्यांची जोडी. तुमच्या डाव्या हाताला तो ३,१०० वाला, बटनवर, म्हणजे शेवटी बोलणारा. तुम्ही ३० केले, त्यानं कॉल केला, बाकीचे गेले. पॉट ७५. फ्लॉप राणी, अठ्ठी, चव्वी, कुणाचाही रंग जमत नाही. तुम्ही ५०, त्यानं कॉल. टर्नला, म्हणजे चौथं पान, राजा. तुम्ही १३०, त्यानं कॉल. रिव्हरला, म्हणजे शेवटचं पाचवं पान, दुर्री. पॉट ४३५, तुम्ही ३०० लावले. आणि आतापर्यंत नुसता कॉल कॉल करत बसलेला माणूस एकदम २,८९० ऑल-इन.

इथं मात्र तुम्ही कॉल केला. लिहिलंय, 'एक्के कसे सोडणार, आणि एवढे चिप्स आहेतच.'

तर भाऊ, तुमची भीती उलट्या जागी बसलीय. ४२० वाल्यासमोर घाबरला, जिथं घाबरायचं काही कारण नव्हतं, आणि ३,१०० वाल्यासमोर छाती काढली, जिथं टेबलावर एकच माणूस तुम्हाला झोपवू शकत होता. तुम्हाला २,५९० टाकायचे होते, पॉट होणार ६,२१५, म्हणजे शंभरात ४२ वेळा तरी तो खोटं बोलत असायला हवा. मला सांगा, तीन वेळा गुपचूप कॉल करून शेवटी पॉटच्या कितीतरी पट रक्कम ढकलणारा माणूस फुकट चिप्सच्या टेबलावर शंभरात ४२ वेळा हवेत गोळी मारतो का? नाही मारत. हे लोक गंमत म्हणून फ्लॉपच्या आधी ऑल-इन जातात, पण रिव्हरला असं रेझ करतात, म्हणजे रक्कम वाढवतात, तेव्हा हातात काहीतरी असतंच. त्यानं दाखवल्या चव्व्या, तीन. तुमचे एक्के शेवटी एक जोडीच होते.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी तुम्हाला कोणी सांगणार नाही. छोटी जोडी घेऊन बसलेल्याला फ्लॉपवर तिसरं पान लागायचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आत आहे, साधारण साडेआठ वेळांत एकदा. तुम्ही दोघं १,००० नं खेळत असाल तर तो ३० टाकतो आणि लागलं तर जास्तीत जास्त तेहतीसपट कमावतो. पण दोघांकडं ३,००० च्या वर आहेत म्हटल्यावर तेच ३० टाकून तो शंभरपट कमवू शकतो, तुम्ही जोडीवर सगळं द्यायला तयार असाल तर. आणि तुम्ही होता. ढीग जितका खोल, तितकी एका जोडीची किंमत कमी. १०० बिग ब्लाइंडला (आपल्या टेबलावर १,००० चिप्स) एक्के म्हणजे लग्नातला नवरदेव, ३०० बिग ब्लाइंडला रिव्हरवर तेच एक्के म्हणजे नुसते वऱ्हाडी, जेवायला मिळालं तर ठीक.

मग तिथं काय करायचं होतं? टर्नपर्यंत तुमचं बरोबर होतं. रिव्हरला एकतर चेक करून (काही न लावता) त्यानं लावलं तर मध्यम रकमेला कॉल, किंवा लावले तसे ३०० लावायचे आणि रेझ आली की पानं टाकायची, शिव्या देत टाका, पण टाका. ५१० जाते, २,८९० राहते.

आता जागेचं बोलतो. पत्तेवाले लोक पानं बघतात, खुर्ची बघत नाहीत. मोठा ढीगवाला तुमच्या डावीकडं बसला असेल तर जवळपास प्रत्येक हाताला तो तुमच्यानंतर बोलणार, तुम्ही काय केलं ते बघून ठरवणार. तोच उजवीकडं असेल तर उलटं. ऑनलाइनवर ही सोय आहे की रिकामी खुर्ची दिसली तर उठून तिथं बसता येतं, नाहीतर टेबलच बदला. तुम्ही ३,००० पार केलं की चिप्स मोजायच्या आधी हे बघायचं की अजून कोणाकडं ३,००० आहेत आणि तो कुठं बसलाय. कोणाकडंच नसतील तर तुम्ही आधीसारखंच १,००० चा खेळ खेळताय, चहा घ्या आणि खेळत राहा.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की लीड आला की चांगल्या पानावर पण चेक-चेक करतो, पॉट लहान ठेवायला. याला तुम्ही सांभाळणं म्हणता. याचा अर्थ समोरच्याला पुढचं पान फुकट. त्याला बदाम हवाय आणि तुम्ही म्हणताय, घे बाबा, बघ आला का. लहान ढीगवाल्यांकडून पैसे घ्यायची जी जागा तीच तुम्ही सोडताय.

आणि हो, एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर म्हणाल नुसतं ज्ञान देतो. सगळ्यांना खोल खेळता येत नाही. मला २०१७-१८ ला अजिबात येत नव्हतं. तेव्हा मी पुण्यात होतो, पैशांचं खेळायचो, अडीच-तीनपट झालो की पोटात गोळा यायचा, आणि मी तुमच्यासारखंच करायचो, एकदा तर महिन्याचं भाडं एका जोडीवर गेलं, तेही राण्यांच्या. मग एका जुन्या खेळणाऱ्यानं सांगितलं की तुला खोल पाण्यात पोहता येत नाही तर काठावर ये ना, कोणी धरलंय? उठ. दुसऱ्या टेबलावर १,००० घेऊन बस. म्हणजे सांभाळायचा मार्ग एकच, उठणं. टेबलावर बसून सांभाळता येत नाही. एकतर नीट खेळायचं, नाहीतर उठायचं. मधलं जे आहे, बसायचं पण घाबरत खेळायचं, ते सगळ्यात महाग पडतं.

आपल्याकडं हे उठणंच अवघड, ते मला माहितीय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात निंबाखाली डाव बसायचा, आधी झन्नामन्ना मग तीन पत्ती, लेकी माहेरी आलेल्या, बाया झोक्यावर आखाजीची गाणी म्हणतायत आणि बापे घोंगडीवर. तिथं जिंकणारा उठला की संपलं त्याचं, 'जिंकीसन पयना' (जिंकून पळाला) म्हणून पुढच्या आखाजीपर्यंत ऐकावं लागायचं. आमचे एक काका नातवाला ठरवून सांगून ठेवायचे, मी टोपी काढून मांडीवर ठेवली की येऊन म्हणायचं, आजी बोलावते. पोरगं बरोबर यायचं. ॲपवर तर टोपी काढायची पण गरज नाही, एक बटन आहे.

प्रश्न : मूळ अमळनेरचा, दोन वर्षांपासून लंडनला आहे. इथं परवाना असलेल्या साइटवर छोट्या रकमेचं खेळतो. १०० पौंडांनी बसतो, २५०-३०० झाले की उठून दुसऱ्या टेबलावर परत १०० घेऊन बसतो. इथले दोन मित्र म्हणतात हा पळपुटेपणा आहे. नियमात बसतं का हे? — एक वाचक, लंडन

उत्तर : बसतं. नियम असा आहे की टेबलावर आलेले चिप्स बसल्या बसल्या खिशात टाकता येत नाहीत. आणि उठून लगेच त्याच टेबलावर परत आलात तर बहुतेक साइट्स तुम्हाला जेवढे घेऊन गेलात तेवढेच घेऊन बसवतात, ठराविक वेळ जाईपर्यंत. दुसऱ्या टेबलाला हे लागू नाही. त्यामुळे मित्रांना बोलू द्या.

पण एक विचार करा. तुम्ही ३०० झालात म्हणजे त्या टेबलावर कोणीतरी तुम्हाला पैसे देत होतं. तो अजून तिथंच आहे, त्यानं परत पैसे भरलेत, आणि तुम्ही उठून अशा टेबलावर गेलात जिथं कोण कसं खेळतो काहीच माहीत नाही. '३०० झाले' हे उठायचं कारण नाही. झोप येतेय, राग आलाय, तो गिऱ्हाईक उठून गेला, डावीकडं कोणीतरी जबरा येऊन बसला, ही कारणं. बाकी कमिशन तर साइट दर मोठ्या पॉटमधून कापतेच, तुम्ही कुठंही बसा, म्हणून बरोबरीचे खेळाडू एकमेकांशी खेळले तर शेवटी दोघंही हरतात आणि साइट जिंकते. आणि १०० पौंडांनी बसताय तर खेळासाठी वेगळे काढलेले दोन-तीन हजार पौंड तरी असू द्या, नाहीतर चांगलं खेळूनही एखाद्या वाईट महिन्यात सगळं साफ होतं. पगाराचं खातं वेगळं ठेवा, हे अमळनेरच्या माणसाला सांगायला नको.

प्रश्न : आमच्या टेलिग्रामवर एक जण बाहेरच्या देशातल्या पोकर साइटची लिंक टाकतो. म्हणतो पैसे यूपीआयनं भरा, जिंकले तर क्रिप्टोत मिळतात, बाहेरची साइट आहे म्हणून आपला कायदा लागत नाही. खरं का? — एक दुकानदार, चाळीसगाव

उत्तर : खोटं. ऑनलाइन गेमिंगचा जो नवा कायदा झाला, २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची सही, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आहे, मग तो खेळ डोक्याचा असो का नशिबाचा. पोकर कौशल्याचा आहे की नाही हा वाद आधी कोर्टात खूप चालायचा, मी पण तावातावानं भांडायचो, या कायद्यापुरता तो वाद संपलाय. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. बाहेर बसून इथल्या लोकांना खेळवणारेही यात येतात. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, पण लिंक टाकणाऱ्या तुमच्या मित्रानं जाहिरातीचं कलम एकदा वाचून बघावं.

आणि खरं दुखणं दुसरंच आहे. यूपीआयचा जो नंबर देतात तो दर वेळी वेगळा असतो ना? कोणातरी तिसऱ्याच माणसाचं खातं असतं ते. उद्या त्या खात्यावर फसवणुकीची तक्रार झाली की त्या साखळीतली खाती गोठवतात, त्यात तुमच्या दुकानाचं खातं आलं तर माल भरायला पैसे कुठून आणणार? चिप लीड राहिला तिथंच स्क्रीनवर. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर लगेच फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. पानांचा नाद असेल तर फुकट चिप्सवर खेळा, त्याला कोणी अडवलेलं नाही.

प्रश्न : माझा लहान भाऊ शेती बघतो, केळी आहे आमची. तो फोनवर पैशांचे पत्ते खेळतो, बंदी आल्यावर पण कुठून तरी खेळतोच. विचारलं की म्हणतो, 'मी जिंकलेल्या पैशांवर खेळतोय, घरचा एक रुपया नाही.' पण कांदेबागाच्या केळीचे पैसे आले त्या आठवड्यात त्याचा खेळ वाढला हे मी बघितलं. आईला सांगू का? — एक ताई, रावेर तालुका

उत्तर : ताई, सांगा. पण रागावून नको आणि सगळ्यांसमोर नको.

तो म्हणतो ते वाक्य मी स्वतः खूप वेळा म्हटलंय, म्हणून ओळखतो. जिंकलेला पैसा हा आपला नाही असं मन मानतं, जणू सापडलेला आहे, आणि म्हणून तो उधळायला जड जात नाही. वर भुसावळच्या भाऊंना जे झालं ते पण हेच, 'एवढे आहेतच' म्हणून सगळे टाकले. पण जिंकलेले वीस हजार खात्यात आले की ते खताचे पैसे होऊ शकतात, मजुरी होऊ शकतात, ते आणि केळीचे वीस हजार यांच्यावर वेगळा शिक्का नसतो. त्याला वाद घालून हे पटणार नाही. त्याला म्हणा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढ आणि आपण दोघं बसून भरलेले किती आणि परत आलेले किती एवढीच बेरीज करू. कोणीही शहाणपण शिकवू नका, नुसती बेरीज. मी ती केली तेव्हा वही तशीच बंद करून अर्धा तास गच्चीवर जाऊन बसलो होतो. जिंकलेल्या रात्री माझ्या बरोबर लक्षात होत्या, भरलेले पाचशे-पाचशे कुठंच लक्षात नव्हते.

दुसरं, पुढच्या कटाईचे पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात येऊ देऊ नका. आई आणि त्याचं जोडखातं करा आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं बँकेला लिहून द्या, व्यापाऱ्याला तोच नंबर द्या, कारण सांगायची गरज नाही. उसनवारी सुरू झालीय का बघा, विशेषतः फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपवर, ते असेल तर पहिलं काम तेच. आणि तो रात्रभर जागतोय, चिडतोय, खोटं बोलतोय असं दिसलं तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा टेलिमानस नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. त्यानं नाही केला तर तुम्ही करा, घरच्यांनी कसं बोलावं हे पण विचारता येतं.

मृगबागाच्या केळी लागवडीआधी हे करा, तेव्हा हातात पैसा कमी असतो आणि घरात बोलायला वेळ असतो.

प्रश्न : आमच्यात वाद झालाय. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं पानं) मोठी आणि कलर (सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम, अशी) लहान, मग पोकरमध्ये कलर मोठा कसा? ॲपवाल्यानं चूक केलीय का? — चार मित्र, दोंडाईचा

उत्तर : ॲपवाला बरोबर आहे, तुम्ही पण बरोबर आहात. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधी सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स कमी वेळा लागते म्हणून ती मोठी. पाच पानं घेतली की उलटतं, २५ लाख ९८ हजार ९६० हातांमध्ये सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. म्हणून तिथं कलर वर. आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, जी तीन पत्तीत सगळ्यांची आई, ती पोकरमध्ये दोघांच्या खाली जाते, आपल्याकडचे लोक पहिल्या आठवड्यात इथंच मार खातात, तीन एक्के बघून नाचायला लागतात आणि समोरचा पाच इस्पिक ठेवतो.

गंमत अशी की तीन पत्तीत पण एक गडबड आहेच. ट्रेल ५२ प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स (ओळीनं आणि वर कलर पण) ४८. म्हणजे हिशोबानं प्युअर सिक्वेन्स मोठी पाहिजे होती. येत्या आखाजीला घोंगडीवर हे सांगून बघा, फक्त तेव्हा ट्रेल तुमच्या हातात नाही याची खात्री करून घ्या.